मर्जी असेपर्यंत

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत मी महाराष्ट्राच्या राज्यपालांची यादी तीनदा पाठ केली आणि तीनदा विसरलो. श्रीप्रकाश, सुब्बरायन, विजयालक्ष्मी पंडित, चेरियन, अली यावर जंग... नावं कशीबशी लक्षात राहायची, शेजारचा कार्यकाळाचा रकाना काही केल्या राहायचा नाही. संविधानात मुदत पाच वर्षांची आहे. यादीत मात्र सुब्बरायन काही महिने (ते पदावर असतानाच वारले), विजयालक्ष्मी पंडित जेमतेम दोन वर्षं, आणि पी. सी. अलेक्झांडर १९९३ ते २००२, म्हणजे साडेनऊ.

याचं कारण अनुच्छेद १५६ मध्ये आहे. पाच वर्षांचा उल्लेख तिथे नंतर येतो. आधी येतं ते हे, की राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे मर्जी दिल्लीतल्या सरकारची.

'मर्जी' हा शब्द मला पुस्तकात भेटला त्याच्या आधीपासून ओळखीचा होता. संध्याकाळी मी हिंदमाताला एका कपड्याच्या दुकानात काम करायचो. तिथे तो दिवसातून दहा वेळा ऐकू यायचा. शेठची मर्जी आहे तोवर काउंटर तुझा.

दुकानात मी वर्षभरात पोऱ्याचा काउंटर सांभाळणारा झालो. शेठने नेमलेला, पण बसायचो पोरांबरोबर. एका दिवाळीत मोजणीत सहा साड्या कमी भरल्या. पॅकिंगवरच्या पोराच्या पगारातून पैसे कापायचं ठरलं. मला माहीत होतं की माल आला तेव्हाच गाठीत सहा नग कमी होते. चलनावर मीच पेन्सिलने तसं लिहिलं होतं. ते चलन ड्रॉवरमध्ये होतं. शेठने विचारलं, "काही बोलायचंय कुणाला?" मी ड्रॉवरकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

त्या आठवड्यात मी राज्यपालांची यादी पुन्हा काढली, तेव्हा ती वेगळीच वाचली गेली.

आमच्या भागाला गव्हर्नर नवे नाहीत. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हाफकिन आहे, त्या इमारतीत एके काळी मुंबईचे गव्हर्नर राहायचे. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथे कॉलऱ्याने गेली, पुढे गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार हिलला हललं आणि १८९९ मध्ये परळच्या बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा आली. ग्रँट रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड ही सगळी गव्हर्नरांचीच नावं. त्यांचा मालक लंडनला होता आणि ते कुणी लपवतही नव्हतं. प्रश्न स्वातंत्र्यानंतर आला. आता लोकांनी निवडलेलं सरकार असणार, मग वर बसलेला हा माणूस कुणाचा?

संविधान सभेत आधी राज्यपाल निवडून आणण्याचा विचार होता. १९४९ मध्ये तो सोडला, कारण राज्यपालही निवडून आला आणि मुख्यमंत्रीही, तर दोघांची रोज जुंपेल. बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणणं होतं की राज्यपालाला स्वतःच्या मनाने चालवायचा कारभार नाही, त्याला फक्त कर्तव्यं आहेत. बाबासाहेब इथलेच, परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिलेले. मुकादम, जॉबर, मालकाने नेमलेली माणसं कशी वागतात हे गिरणगावात राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. तरी त्यांनी नेमणूक स्वीकारली. मला वाटतं, भिस्त शपथेवर होती.

ती शपथ वाचा एकदा. मंत्री शपथ घेतो त्यात राज्याचं नाव घेऊन तिथल्या जनतेच्या सेवेचं वेगळं वाक्य नाही. राज्यपालाच्या शपथेत ते आहे. संविधानाचं रक्षण करीन आणि महाराष्ट्राच्या जनतेच्या सेवेला व कल्याणाला वाहून घेईन. म्हणजे काढू शकतो एक, आणि शब्द दिलाय दुसऱ्याला. राजभवनातला सगळा पेच मला एवढाच दिसतो. ड्रॉवरमधलाही तोच होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावं राज्यपाल कोश्यारींकडे पाठवली. ती तशीच पडून राहिली. वाजवी मुदतीत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे, असं उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. तरी निर्णय नाहीच, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर यादी मागे घेतली गेली. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. गप्प बसणं हीही कृती असते, हे मला या प्रकरणाने पटवलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी बहुमत चाचणी बोलावली. ती बोलावण्यासारखा आधार त्यांच्यापुढे नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला म्हटलं. तोवर उद्धव ठाकरे राजीनामा देऊन बसले होते आणि कोश्यारीही पदावरून गेले होते.

हे एका पक्षाचं दुखणं नाही. २००४ मध्ये केंद्रात सरकार बदललं तेव्हा चार राज्यांचे राज्यपाल काढले गेले. त्यावर २०१० मध्ये घटनापीठाने सांगितलं की केवळ दिल्लीत सरकार बदललं म्हणून राज्यपाल हटवता येणार नाही. २०१४ मध्ये पुन्हा सरकार बदललं, आणि आपल्या के. शंकरनारायणन यांची मिझोरमला बदली झाली. त्यांनी तिकडे न जाता राजीनामा दिला. त्याआधी जानेवारी १९९३ मध्ये सी. सुब्रमण्यम गेले होते. पंतप्रधान नरसिंह राव यांच्यावर खासगीत केलेली टीका छापून आली, म्हणून.

सुरुवातीला मला हे दोन राजीनामे फार आवडायचे. बाणेदार वाटायचे. पण दोन्ही वेळा विषय स्वतःचा होता, स्वतःची बदली, स्वतःचं बोलणं. शेठने माझा पगार कापला असता तर मीही चलन त्याच्या टेबलावर आपटून निघालो असतो, याची मला खात्री आहे. कापला दुसऱ्याचा.

माझा मित्र म्हणतो, तुलनाच चुकीची. तुला फी भरायची होती, राज्यपालाला काय कमी आहे? बहुतेक जण सत्तरीच्या आसपास, सगळं मिळवून झालेलं. खरं आहे, आणि म्हणून त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवायलाच हवी. पण मर्जीला भीतीची बाजू असते तशी आशेचीही असते. शंकर दयाळ शर्मा इथून उपराष्ट्रपती झाले, पुढे राष्ट्रपती. २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन इथूनच उपराष्ट्रपती झाले. ते वाईट वागले असं मी म्हणत नाही. एवढंच, की वरची पायरी दिसत राहते. मलाही दिसत होती, दिवाळीनंतर मला गल्ल्यावर बसवणार होते.

अलेक्झांडर यांचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. त्यांच्या काळात पाच मुख्यमंत्री झाले, काँग्रेसचे आणि युतीचेही. दिल्लीत राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल. इतक्यांची मर्जी एका माणसाला सांभाळता आली, की त्याने ती सांभाळायचंच सोडून दिलं होतं? पुस्तकांवरून मला ठरवता येत नाही.

गल्ल्यावर मी चार महिने बसलो. मग अभ्यासाचं कारण सांगून सोडलं. तो पोरगा आता त्याच गल्लीत, चार दुकानं सोडून, दुसरीकडे पॅकिंगला आहे. मागच्या महिन्यात त्याला चहाला नेलं आणि चलनाचं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं. गाठ मीच सोडली होती ना." मग त्याने विचारलं, परीक्षा कधी आहे.