आठवण ठेवण्याचं काम

मार्च आला की कार्यालयांमधून महिला दिनाचं व्याख्यान ठरतं आणि विषय बहुधा ‘ताणतणावाचं व्यवस्थापन’ हाच असतो. वक्ते हसतमुखानं सांगतात : रोज वीस मिनिटं ध्यान करा, झोपण्यापूर्वी मोबाइल बाजूला ठेवा, स्वतःसाठी वेळ काढा, ‘नाही’ म्हणायला शिका. यात चुकीचं काही नाही. पण ऐकणारीच्या यादीत आधीच ढीगभर कामं असतात, त्यात ध्यान हे आणखी एक. ते झालं नाही, तर तेही राहून गेल्याची रुखरुख. तिचं मन थकलं ते तिला नियोजन जमलं नाही म्हणून, अशी या सगळ्यामागची समजूत असते. मला वाटतं, या थकव्याचा उगम तिच्या स्वभावापेक्षा घरातल्या आणि कामाच्या ठिकाणच्या वाटपात शोधायला हवा. हे वाटप कामांचं तर आहेच, पण कामं लक्षात ठेवण्याचंही आहे. त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

कामांच्या वाटपाचे आकडे आता हाताशी आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, असा पुरा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवला. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. पण मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बायका होत्या ८१ टक्के आणि पुरुष फक्त २६ टक्के. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच सर्वेक्षण पुन्हा झालं, तेव्हा बायकांची मिनिटं २८९ वर आली आणि पुरुषांची ८८ वर. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ! याच काळात कमावत्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण मात्र झपाट्यानं वाढलं. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार ते २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. यातली बरीच वाढ ग्रामीण भागातली, स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यातली आहे, हे खरं. तरी बाहेरचं काम वाढलं आणि घरातलं जिथल्या तिथे राहिलं, हे चित्र काही बदलत नाही.

तरीही हे आकडे प्रश्नाच्या एकाच बाजूवर बोट ठेवतात. अर्ध्या तासाच्या चौकटीत ‘स्वयंपाक’ लिहिता येतो, ‘उद्या डब्याला काय’ हा विचार लिहिता येत नाही, कारण तो चालत्या लोकलमध्ये आणि चालू मीटिंगमध्ये येऊन जातो.

दिवाळीचंच घ्या. गावी जायचं असेल, तर रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे तारीख श्रावणातच डोक्यात हवी. तोवर ऑफिसात रजेचा अर्ज जायला हवा, कारण त्या आठवड्यात सगळ्यांनाच रजा हवी असते. चकलीची भाजणी घरी करायची, तर डाळी-तांदूळ धुऊन वाळवून भाजायचे आणि गिरणीत गव्हावर नको, तांदळावर दळून द्या, असं बजावायचं. बचत गटाकडून फराळ मागवायचा, तरी ऑर्डर वेळेत गेली पाहिजे. सासऱ्यांना साखर चालत नाही, त्यांच्यापुरता वेगळा डबा. मुलाला किल्ल्यासाठी माती आणि मावळे हवेत, मुलीचा मागच्या वर्षीचा परकर आखूड झालाय. कामवाल्या मावशींचा बोनस, वॉचमनचं पाकीट, नणंदेची भाऊबीज. आणि फराळाचं ताट शेजारी पोचलं की त्यांच्याकडून आलेली वाटी रिकामी परत जाता कामा नये.

या यादीतलं एकेक काम हलकंच आहे. नवरा माती आणतो, पाकिटं भरतो, गिरणीतही जाऊन येतो. पण यादी कुणाच्या डोक्यात आहे?

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन याच प्रश्नावर २०१९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. घरातल्या या बौद्धिक कामाचे त्यांनी चार भाग पाडले : गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते नीट पार पडतंय ना यावर लक्ष ठेवणं. त्यांना दिसलं ते असं, की निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात. पण पहिलं आणि शेवटचं काम, म्हणजे ओळखणं आणि लक्ष ठेवणं, मुख्यतः बाईकडे राहतं. आपल्याकडेही ‘यंदा फराळ बाहेरून मागवू या’ हे दोघं मिळून ठरवतात आणि घरात समानता असल्याचं समाधानही दोघांना मिळतं. मागवायला हवा हे आधी आठवलं कुणाला आणि ऑर्डर आली का हे विचारत कोण राहिलं, याचा हिशेब होत नाही. फ्रान्समध्ये एम्मा या नावानं चित्रं काढणाऱ्या चित्रकर्तीची याच विषयावरची चित्रकथा २०१७ मध्ये जगभर फिरली, ती आपल्याही घराघरांत ऐकू येणाऱ्या वाक्यावर बेतलेली होती : ‘तू सांगायचंस की, मी केलं असतं!’ वाक्य प्रेमानंच उच्चारलेलं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी लक्षात ठेवायचं, योग्य वेळी सांगायचं, पुन्हा आठवण करायची आणि तीही कटकट वाटणार नाही अशा स्वरात.

मनावर ओझं येतं ते इथे. हातानं केलेलं काम संपतं. भांडी घासून झाली की झाली. लक्षात ठेवण्याला शेवट नसतो. ते दिसत नाही, म्हणून कौतुक नाही. विसरलं की मात्र लगेच दिसतं. हा डोक्यातला पहारा चोवीस तासांचा, आणि बदली यायला कुणी नाही. त्यामुळे ऑफिसात असताना घराकडे दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं आणि घरी असताना ऑफिसकडे. दोन्हीकडे अपुरं पडल्याची ही भावना वर्षानुवर्षं मुरली, की झोप उडते, चिडचिड वाढते, आवडीच्या गोष्टीही नकोशा होतात. बाई डॉक्टरकडे जाते ती कंबर, डोकं, ॲसिडिटी, थकवा अशा तक्रारी घेऊन. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासलं जातं आणि ते तपासायलाच हवं. पण ‘घरी कसं चाललंय?’ हा प्रश्न पाच मिनिटांच्या तपासणीत क्वचितच विचारला जातो.

विचारला, तर उत्तरं कुठे सापडतात, याची एक खूण गोव्यात मिळते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मातांचा केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचं आढळलं; त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आजार होण्याची आणि लांबण्याची जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ठळक होते. मूल मुलगा की मुलगी, यानंही फरक पडत होता. यातली एकही गोष्ट त्या बाईच्या मनोबलात मोजता येणारी नाही. सगळ्या तिच्या भोवतालात आहेत.

प्रत्येक थकवा म्हणजे आजार नव्हे, हेही सांगायला हवं. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणं नको असा विचार डोकावत असेल, तर तो सहन करण्याचा विषय नाही, उपचाराचा आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. समुपदेशन आणि औषधं, दोन्हींनी माणसं बरी होतात.

या टप्प्यावर घरातली वडीलधारी मंडळी एक तोडगा हमखास सुचवतात : ‘एवढा त्रास होतो तर सोड की नोकरी.’ निदानच चुकलं तर औषध कुठून लागू पडणार? पुष्कळ जणींसाठी नोकरी ही दिवसातली मोकळा श्वास घेण्याची जागा असते. तिथे काम ठरलेलं, वेळ ठरलेली, पगार स्वतःच्या खात्यात, आणि डबा खाताना मैत्रिणींशी मनातलं बोलता येतं. विभावरी शिरूरकर या टोपणनावानं १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि मराठी समाजात खळबळ उडाली. शिकलेल्या, मिळवत्या मुलींची लग्नावाचून होणारी घुसमट त्यात होती. कमावणं आणि संसार या तेव्हा जणू एकमेकींना छेद देणाऱ्या वाटा होत्या. आज दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालणं गृहीत धरलं जातं. शिक्षण, पगार, स्थळ यांच्या अपेक्षा बदलल्या. घराची घडी होती तशीच राहिली.

मग घर चालतं कसं? एकीचा भार दुसरीकडे देऊन. आजी असते. बँकेत, शाळेत किंवा टेलिफोन खात्यात तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली बाई पुन्हा नातवाच्या बसच्या वेळेला बांधली जाते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात बाळ जन्मलं, की सहा महिने आई आणि पुढचे सहा महिने सासूबाई, असं पाहुण्यांच्या व्हिसाच्या मुदतीवर बसवलेलं वेळापत्रक चालतं. गुडघेदुखी आणि परक्या गावातला एकटेपणा सोबत घेऊन त्या जातात. आजी नसेल, तर सोसायटीतल्या मावशींचं पाळणाघर. आणि या सगळ्यांच्या तळाशी असते पाच घरची पोळ्या-भांडी करणारी बाई. तिचं स्वतःचं मूल तिच्या धाकट्या बहिणीकडे किंवा थोरल्या लेकीकडे. करिअर हा शब्द तिच्या वाट्याला आला नाही. पण काम, घर आणि अपराधीपणा यांची ओढाताण तिचीही तीच आहे. प्रत्येक पायरीवर भार एका बाईकडून दुसरीकडे सरकतो, पुरुषाकडे फारसा वळत नाही.

कायद्यानं यात काही केलं आणि काही करायचं राहिलं. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची पगारी रजा १२ वरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली, पण आईला! केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातल्या बापाला ती मिळालीच पाहिजे, असा देशव्यापी कायदा नाही. शिवाय राज्य कामगार विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकऱ्यांत २६ आठवड्यांच्या पगाराचा पूर्ण भार मालकावर पडतो, म्हणून मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न आडून विचारला जातो. हेतू चांगला असूनही मूल म्हणजे आईचं खातं, यावर कायद्यानंच शिक्का मारला.

नोकरीच्या रचनेतही तेच गृहीतक आहे. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी ‘हावरी कामं’ अशी कल्पना मांडली आहे : कधीही बोलवा, हजर राहीन, अशा तयारीसाठी काही नोकऱ्या तासांच्या प्रमाणाबाहेर पैसा देतात. जोडप्यातला एक जण अशी नोकरी धरू शकतो, तो दुसरा घरासाठी हाकेच्या अंतरावर राहतो म्हणून. हा दुसरा बहुधा बायको असते. पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत रात्री साडेनऊचा परदेशी कॉल कुणाला निर्वेधपणे घेता येतो आणि कुणाला म्यूटचं बटण दाबून मुलाला झोपवावं लागतं, हे पाहिलं तरी पुरे.

वाटप बदलता येतं का? आइसलंडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी, घरकाम आणि मुलं सांभाळणं, सगळंच एका दिवसासाठी थांबवलं. बापांना मुलं घेऊन ऑफिसात जावं लागलं. दुकानांतले झटपट शिजणारे सॉसेज संपले. पण एका दिवसानं सवयी बदलत नाहीत. बदलासाठी त्या देशानं २००० साली कायदा केला आणि बाळासाठीच्या नऊ महिन्यांच्या रजेपैकी तीन बापासाठी राखून ठेवले. त्यानं घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला मिळत नाहीत. पुढे ही वाटणी आणखी वाढली. मूल आणि बाप तीन महिने एकत्र असले, की ताप आला तर औषध कुठे ठेवलंय, लस कधी द्यायची, रडण्याचा अर्थ काय, हे त्याच्याही डोक्यात जातं. पहाऱ्याची पाळी बदलायला दुसरा माणूस तयार होतो.

यावर आक्षेप येतो, की बायकांनाच ताबा सोडवत नाही. नवऱ्यानं घडी केलेले कपडे त्या पुन्हा उलगडून घडी करतात. हे अगदी खोटं नाही. पण मूल डब्याविना शाळेत गेलं, तर बाई फोन कुणाला करतात? पाहुण्यांना घर अस्ताव्यस्त दिसलं, तर नाव कुणाचं निघतं? दोष जिच्या पदरात पडणार, ती पहारा सोडणार कशी? म्हणून घरातला बदल कामं ‘करून देण्यानं’ होणार नाही. एखादं खातं आठवणीसकट, चुकांसकट आणि त्या चुकांबद्दल ऐकून घेण्यासकट दुसऱ्याकडे गेलं पाहिजे. शाळा नवऱ्याकडे, तर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर त्याचाच. सासऱ्यांची औषधं मुलाकडे, तर संपण्याआधी आणण्याची काळजीही त्याचीच. पहिल्या महिन्यात दोन गोष्टी विसरतील. त्या विसरू देणं, हा तिच्या वाट्याचा कठीण भाग. आणि थोडं अपुरं घर सगळ्यांनीच चालवून घेणं, हा बाकीच्यांच्या वाट्याचा.

घर किती बदललं, हे ताडायला सर्वेक्षण लागणार नाही. घरातल्या बाईनं आठ दिवस परगावी जावं. निघताना फ्रिजवर सूचनांची चिठ्ठी लावू नये, भाज्या चिरून डब्यांत भरून ठेवू नयेत आणि रोज रात्री फोनवर ‘दूधवाल्याचे पैसे दिलेत का?’ असं विचारू नये. हे तिला सहज जमलं आणि घरातल्यांनाही त्यात विशेष काही वाटलं नाही, तर वाटप झालं असं समजावं. तोपर्यंत ताणतणावाच्या व्याख्यानाला तिच्याआधी तिच्या घरच्यांना आणि तिच्या साहेबांना बसवायला हवं.