शेवटच्या माणसाची वेळ

‘‘कितवा नंबर आला भाऊ?’’ बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीच्या बसथांब्याजवळ चहाच्या टपरीवर मला हा प्रश्न ज्याने-त्याने विचारला. सह्याद्रीतली एक छोटी हौशी शर्यत पुरी करून मी परतलो होतो. रोज एक टप्पा, अशी ती शर्यत. नंबर बराच खालचा होता. तो सांगितल्यावर समोरच्या गृहस्थांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, ‘‘मंग कायले गेला एवढ्या लांब?’’ त्यांच्या सुरात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. म्हणूनच तो प्रश्न मला जास्त लागला, आणि पुढे कितीतरी दिवस पहाटे चिखली-खामगाव रस्त्याला सायकल काढली की तोच डोक्यात फिरत राहिला.

सायकलने तब्येत सुधारते, पेट्रोल वाचतं, मन ताजं राहतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते टप्प्यांच्या शर्यतीबद्दल, कारण एका दिवसाची शर्यत आणि टप्प्यांची शर्यत या दोन्हींत दोन चाकं सोडली तर फारसं काही सारखं नाही असं माझं मत आहे. मुंबई-पुणे शर्यत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बोरघाट जो सर्वांत आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’. त्या शर्यतीत संध्याकाळपर्यंत अंगातलं सगळं संपवलं तरी चालतं, किंबहुना संपवायलाच हवं. टप्प्यांच्या शर्यतीत प्रत्येक दिवसाची वेळ आदल्या दिवसांच्या वेळेत मिळवतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. त्यामुळे आज किती जोर लावला याच्याइतकंच आज किती जोर राखला यालाही मोल येतं. आमच्याकडे सोयाबीन सोंगायला निघालेली बाई पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच सगळी ताकद लावून बसत नाही. पुढचं अख्खं वावर तिच्या डोळ्यांपुढे असतं. टप्प्यांच्या शर्यतीतला शहाणपणा नेमका तोच आहे.

हा फरक कळतो दुसऱ्या सकाळी. पहिल्या सकाळी सगळेच ताजेतवाने. दुसऱ्या सकाळी मुक्कामाच्या लॉजचा जिना उतरताना माणसं कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. रात्री धुतलेली सायकलची चड्डी पंख्याखाली टांगूनही शिवणीत ओली राहिली होती; ती तशीच चढवायची, आणि आदल्या दिवशी सीटने सोललेल्या जागेवर मलम लावून पुन्हा त्याच सीटवर बसायचं. न्याहारीच्या टेबलावर कुणी फारसं बोलत नव्हतं. भूक नसताना पोहे आणि उकडलेले बटाटे घशाखाली ढकलणं हेही शर्यतीचंच काम होतं. पहिले चार-पाच किलोमीटर गुडघे ऐकत नाहीत. मग हळूहळू रक्त फिरू लागतं, पाय कुरकुर करत का होईना कामाला लागतात, आणि कालच्यापेक्षा निराळंच एक शरीर आपल्या हाती लागतं. ते कालच्याइतकं जोरकस नसतं, पण जास्त समजूतदार असतं.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी दोन्ही प्रकार अगदी टोकाला जाऊन केले आहेत. २०१७ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत त्यांनी एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. त्याच वर्षी ती पुरी करणारे लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि ते, असे दोघेच तोवर एकट्याने तिथवर पोचलेले भारतीय. त्या शर्यतीत घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. पुढच्याच वर्षी, २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, समर्थ टप्प्यांच्या शर्यतीत मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत गेले. नऊ हजारांहून जास्त किलोमीटर, पंचवीस दिवस, पंधरा टप्पे. त्यांतला सर्वांत लांब टप्पा सुमारे १,४०० किलोमीटरचा. आपल्या जिल्ह्यातून गेलेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्यावरून नागपूरहून मुंबईपर्यंत जाऊन परत यावं, तेव्हा तो एक टप्पा होईल. ही झेप विदर्भातून झाली याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

खामगावचे माझे एक सायकलमित्र आहेत, त्यांना मात्र टप्प्यांची शर्यत मान्य नाही. ते ब्रेव्हेवाले. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, वेळेत पोचलात तर पोचलात. पहिला-दुसरा काही नाही. त्यांचं म्हणणं, ‘‘रात्री गादीवर झोपायचं आणि सकाळी पुन्हा शर्यत म्हणायचं! घड्याळ थांबलं की शर्यत संपली.’’

हे मला अजिबात पटत नाही. घड्याळ थांबतं ते कागदावर. सगळ्यांचा पुढचा टप्पा एकाच वेळी सुटतो, त्यामुळे जो आज उशिरा पोचतो त्याची रात्र तेवढी लहान होते. पुढचा माणूस दुपारी दोनला आंघोळ करून, जेवून पाय वर करून पडलेला असतो. मागचा पाचला येतो, गरम पाणी संपलेलं असतं, भात गार झालेला असतो, चेन पुसायची राहिलेली असते. म्हणजे जो हळू आहे त्याला विश्रांतीही कमीच मिळते आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी हळू होतो. न थांबणाऱ्या शर्यतीत झोप किती घ्यायची हे माणूस स्वतः ठरवतो. इथे ती त्याला रस्त्यावर कमवावी लागते. याला कुणी लाड म्हणू नये.

या संध्याकाळींचा विचार करताना मला ‘टूर द फ्रान्स’चे जुने दिवस फार आवडतात, म्हणून जरा आडवाटेला जातो. १९०३ ची पहिली टूर सहाच टप्प्यांची होती, एकूण २,४२८ किलोमीटर. साठ जण निघाले, एकवीस पोचले. पुढे बरीच वर्षं त्या शर्यतीत संघ नसलेले, पदरचं खाऊन उतरणारे स्वारही असायचे. मुक्कामाला जागा त्यांनीच शोधायची, पंक्चर त्यांनीच काढायचं. ज्यूल देलोफ्र नावाचा असाच एक स्वार टप्पा संपला की गावातल्या गर्दीपुढे कसरती करून दाखवायचा आणि जमलेल्या पैशांत रात्रीची सोय करायचा. दिवसभर डोंगर चढून आलेला माणूस जेवणासाठी कोलांट्या मारतो आणि सकाळी पुन्हा रांगेत उभा राहतो! हौशी खेळाडूची याहून मोठी थोरवी मला ठाऊक नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूरसारखी आंतरराष्ट्रीय टप्पा-शर्यत झाली, परदेशी संघ आले, गुळगुळीत रस्ते झाले, ते चांगलंच झालं. पण माझं मन ओढ घेतं ते देलोफ्रकडे.

आता मित्राच्या दुसऱ्या मुद्द्याकडे. नंबर ही व्यर्थ गोष्ट आहे, खरी झुंज स्वतःशीच, असं ते म्हणतात. टपरीवरच्या प्रश्नाने दुखावलेला असल्यामुळे मी हा मुद्दा आनंदाने उचलून धरला होता. माझा निबंध इथेच संपला असता. पण बोलता बोलता त्यांनी हुकमाचं पान टाकलं: ‘‘आपल्या शेगावच्या पालखीचं बघा. महिनाभर चालून आषाढीला पंढरपूर गाठते, परतताना लोणार, मेहकर, खामगाव करत येते. रोजचा टप्पा, रोजचा मुक्काम. तिथे कुणी विचारतं का नंबर कितवा?’’

नाही विचारत. आणि तिथेच माझं पाऊल अडखळलं. पालखी परतताना शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव हजारो माणसं पायी निघतात, त्यांत मीही चाललो आहे. तिथे नंबर नाही कारण कुणी कुणाच्या पुढे जायला निघालेलंच नाही. पुढे गेलेला मागच्यासाठी थांबतो. ती वाट स्पर्धेची नाहीच. मी मात्र स्पर्धेला गेलो होतो. छातीवर नंबर टाचून, पैसे भरून, समोरच्या माणसाच्या मागच्या चाकाला चिकटून, जमेल तिथे त्याला मागे टाकायला गेलो होतो. माझ्या पुढे असलेल्यांनी घाटात जीव तोडून मेहनत केली होती. ‘नंबरला काय अर्थ आहे’ असं म्हणणं म्हणजे त्यांच्या मेहनतीला अर्थ नाही असं म्हणणं. मी फक्त हिंडायला गेलो असतो तर गोष्ट वेगळी.

१९८९ च्या टूरमध्ये ३,२८५ किलोमीटरनंतर ग्रेग लेमाँड लोराँ फिन्योंच्या फक्त आठ सेकंद पुढे होता. शेवटच्या दिवशीच्या साडेचोवीस किलोमीटरमध्ये फिन्योंने पन्नास सेकंदांची आघाडी गमावली. सीटवर बसणंही नको व्हावं अशा गळवाने तो त्या दिवसांत बेजार होता. त्या आठ सेकंदांना अर्थ नाही असं कोण म्हणेल? आणि आठ सेकंदांना अर्थ असेल तर मागच्यांच्या तासांनाही आहे. १९०३ च्या टूरमध्ये एकविसावा, म्हणजे शेवटचा आलेला आर्सेन मिय्योशो विजेत्या मॉरिस गारँच्या जवळजवळ पासष्ट तास मागे होता. सव्वाशे वर्षं होत आली, तरी त्याचं नाव आणि त्याची वेळ नोंदीत आहे. कुणीतरी थांबून ती मोजली म्हणून आहे. शर्यतीत पहिल्याला मान मिळतो तो त्याच घड्याळाने, ज्या घड्याळाने शेवटचाही मोजला जातो. मोजणं बंद केलं तर पहिल्याचं काही बिघडत नाही, लोक त्याला ओळखतातच. पुसला जातो तो शेवटचा.

तेव्हा ‘कितवा नंबर’ हा प्रश्न रास्त आहे, असं आता मला वाटतं. खुपतं ते एवढंच की उत्तर तीनच्या वर गेलं की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. आपल्याकडे निकाल छापतात तो तिसऱ्या नावाशी थांबतो आणि खाली ‘इतर स्पर्धकांनीही उत्साहाने भाग घेतला’ अशी एक ओळ येते. त्या ‘इतर’मध्ये ज्याने कमी झोपून, गार भात खाऊन दुसरी सकाळ काढली तो माणूस असतो.

माझ्या मनात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली एक शर्यत आहे. पहिल्या दिवशी सिंदखेडराजाहून लोणारवरून मेहकर. दुसऱ्या दिवशी चिखलीवरून, उंद्रीवरून खामगाव. तिसऱ्या दिवशी मलकापूरहून मोताळा आणि मग राजूर घाट चढून बुलढाणा. बक्षिसं लहान असली तरी चालतील. मुक्काम शाळांमध्ये व्हावा, गरम पाणी उशिरा येणाऱ्यांसाठी राखून ठेवावं, घड्याळवाल्याने शेवटचा स्वार रेघ ओलांडेपर्यंत खुर्ची सोडू नये. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर निकाल शेवटच्या नावापर्यंत लागावा, तास, मिनिटं आणि सेकंदांसकट.