जागल

थोरला दहावीत असताना त्याची गणिताची वही मीच पुरी करायचो. पोरगं डुलक्या घ्यायला लागलं की मी कंदील जवळ ओढायचो. मी स्वतः दहावीवर थांबलेलो, त्यामुळं लेकाच्या पुस्तकात मला माझीच राहिलेली शाळा दिसायची. वही छान झाली. परीक्षेत पोरगं गणितातच नापास. मी तापलो, तर खाली मान घालून म्हणालं, "आप्पा, वही तुमचीच होती की."

पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणच्या आठवणी वाचनात आल्या. परळच्या डबक चाळीत एकच खोली, त्यातच सगळा संसार. वडील रामजी सुभेदार लेकाला लवकर निजवायचे, स्वतः जागे राहायचे, रात्री दोनला त्याला उठवायचे अन् मग आपण पडायचे. पुस्तक पाहिजे म्हटलं की लग्न झालेल्या लेकीकडं उसने मागायचे. तिच्याकडं नसले तर तिचा दागिना गहाण ठेवायचा, पेन्शन आली की सोडवायचा. सुभेदार लष्करी शाळेतले मास्तर. लेकाची गणितं सोडवून देणं त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी सोपं होतं. पण वाचन लेकाचं लेकानंच केलं. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले.

रात्री दोनला उठवणं ही सक्ती नव्हे का? मलाही तसं वाटलं होतं. पण त्याआधीची एक गोष्ट बाबासाहेबांनीच सांगून ठेवलीय. साताऱ्याला असताना मुंबईला पळून जाऊन गिरणीत लागायचा त्यांचा बेत होता. भाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी चोरली, तर आत निघाला अर्धा आणा! तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, आता शिकायचं. ते ठरवणं त्यांचं स्वतःचं होतं. नसतं, तर दोनला उठवूनही पोरगं भिंतीला टेकून झोपलंच असतं, आमच्या थोरल्यासारखं.

रामजींचं ते जागणं मला आमच्या जागलीसारखं वाटतं. रानडुकरं अन् रोही येतात म्हणून आम्ही हरभऱ्याच्या कडेला शेकोटी करून रात्र काढतो. घाट्यात दाणा काही आपल्याला भरता येत नाही.

धाकटी दहावीला आली तेव्हा शेतातल्या लाइटीची पाळी रात्रीची होती. मोटार चालू करायला निघताना मी तिला उठवायचो, चहा करून द्यायचो अन् दारं धरायला जायचो. एकदा परत आलो तर ती वहीवरच झोपलेली, गणित अर्धवट. हात लई शिवशिवला. तिच्या अंगावर वाकळ टाकली अन् बाहेर येऊन बसलो.

सकाळी तिनं ते खोडून पुन्हा मांडलं. तरी चुकलं. मास्तरांना विचारायचं म्हणून त्या दिवशी ती तासभर आधीच सायकल काढून शाळेला गेली.