तेल, समुद्र आणि राजीखुशी

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान मोदींनी जाहीर केलं की खोल समुद्रात तेल आणि गॅस शोधायची राष्ट्रीय मोहीम काढायची. वर नाव घेतलं समुद्रमंथनाचं. मला हसू आलं. ते पुराण आपल्यालाही पाठ आहे, दोस्तहो, फक्त आपण ते दुसऱ्या टोकाकडून वाचतो. दोरी ओढायला दोन्हीकडची माणसं लागली. वासुकीच्या तोंडाकडची बाजू कुणाच्या हातात आली, त्याच्या फुत्काराने कोण भाजून निघालं आणि अमृत वाटायच्या पंगतीत कोण बसलं, हे त्यांच्याच पोथीत लिहून ठेवलंय. एक जण चोरून पंगतीत बसला तर त्याचं मुंडकं उडवलं. नाव ठेवणाऱ्यानं फार खरं नाव ठेवलंय. त्याला ते कळलं नसंल, एवढंच.

आता वाद काय चाललाय ते बघा. एक बाजू म्हणते, आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरात पंच्याऐंशीपेक्षा जास्त बाहेरून येतं. अरबांच्या देशात बंदूक वाजली की इथं रॉकेल-डिझेल पेटतं. बॉम्बे हाय म्हातारं झालं. १९७४ च्या फेब्रुवारीत तिथं तेल लागलं, १९७६ च्या मे महिन्यात ते बाहेर यायला लागलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला ते भरात होतं आणि तिथून उतरण लागली. म्हणून नव्या विहिरी पाहिजेत. २०२२ मध्ये सरकारनं सुमारे १० लाख चौरस किलोमीटर समुद्र खुला केला. तो आधी संरक्षण खातं, अवकाश खातं यांच्यासाठी बंद होता. दुसरी बाजू म्हणते, आपण मासे वाचवले पाहिजेत, प्रवाळ वाचवलं पाहिजे, तापत चाललेली पृथ्वी वाचवली पाहिजे. दोन्हीकडं आकडे आहेत, तक्ते आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरच्या आत कोळ्याला होडी घालता येत नाही, हे त्याच्या पोटाचं दुखणं खरंच आहे.

पण दोन्ही बाजू एकच शब्द वापरतात, ‘आपण’. आपल्याला तेल पाहिजे, आपण धोका पत्करला पाहिजे, आपण समुद्र जपला पाहिजे. हा ‘आपण’ कोण? धोका पत्करायला मी मान डोलवायची आणि बुडायचं दुसऱ्यानं, याला नीतीच्या भाषेत काय म्हणायचं? मला हाच प्रश्न पडलाय. तो सुटल्याशिवाय खोदावं की खोदू नये या वादात हात वर करायला माझं मन घेत नाही.

बॉम्बे हायचं पहिलं तेल ज्यानं काढलं त्या सागर सम्राटचं चित्र सरकारनं एक रुपयाच्या नोटेवर छापलं होतं. तुमच्यातल्या कित्येकांच्या खिशातून ती नोट गेली असंल. नोटेवर रिग दिसते. माणूस एक दिसत नाही.

२७ जुलै २००५. मुंबई आदल्या दिवशी पावसात बुडालेली, सगळ्या देशाचं लक्ष त्या पाण्याकडं. तिकडं समुद्रात एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं, लाटांत ते गॅसच्या नळावर आदळलं आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. २२ जीव गेले. नंतर तज्ज्ञांनी जहाज आणि नळ यांच्यातल्या अंतराचा अभ्यास केला. तो करायलाच पाहिजे होता.

मग १७ मे २०२१. तौक्ते वादळ. हवामान खात्याचे इशारे आधीच आलेले. पी-३०५ नावाचा बार्ज, म्हणजे कामगारांची तरंगती चाळच म्हणा, बंदराकडं वळला नाही. प्लॅटफॉर्मपासून थोडा बाजूला सरकून नांगर टाकून थांबला. आत २६१ माणसं. बहुतेक कंत्राटदाराची. वेल्डर, फिटर, रंगारी, हेल्पर, आचारी. नांगर तुटले, बार्ज एका प्लॅटफॉर्मवर आदळला, त्याला भोक पडलं. वाचलेल्यांनी सांगितलं की बरेचसे तराफे फाटके निघाले. १८६ जण वाचले. सोबतच्या वरप्रदा टगवर तेरा जण होते, त्यातले दोन वाचले. दोन्हीकडचे मिळून ऐंशीच्यावर मेले. काही मुडदे रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही पार वलसाडला. कित्येकांची ओळख पटवायला डीएनए काढावं लागलं. पोलिसांत गुन्हा नोंदला तो कॅप्टनवर आणि इतरांवर. तो कॅप्टनही त्याच पाण्यात गेलेला.

या २६१ जणांपैकी ‘मला किनाऱ्यावर सोडा’ असं म्हणायची मुभा कुणाला होती?

इथं शिकलेला माणूस मला अडवतो. म्हणतो, ते राजीखुशीनं गेले होते. सही करून गेले होते. पगार जास्त होता.

आमच्या वस्तीतला एक पोरगा आयटीआय करून असाच कंत्राटावर समुद्रात जातो. मला मामा म्हणतो. मी त्याला विचारलं, भीती वाटली तर नाही म्हणता येतं का रे? तो म्हणाला, ‘मामा, येतं की. पण मग पुढचा पास कोण काढंल माझा? गेटावर चाळीस जण हायेत. किनाऱ्यावर याच वेल्डिंगला निम्मं पैसं. सही केली म्हंजे झालं.’ तक्रारीच्या सुरात नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं त्यानं.

राजीखुशी हा शब्द आपल्याला नवा नाही. गटारात उतरणाराही राजीखुशीनंच उतरतो, असं त्याला उतरवणारा दर वेळी सांगतो. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा बुरखा फाडला. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच आहे आणि त्या सक्तीपोटी किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठच. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये हेच आधी विचारलं होतं. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यापुढं काम की हक्क असा सवाल टाका, तो काय उचलंल? कोर्टापुढं प्रश्न मजुरीचा होता. मी तो जिवाला लावतो. मजुरीत सक्ती धरायची आणि मरणात राजीखुशी धरायची, हे कुठलं तर्कशास्त्र?

मग उपाय काय? मला आधी वाटायचं, हुकूम देणारा त्याच रिगवर बसला पाहिजे. मजूरमंत्री असताना बाबासाहेब १९४३ च्या डिसेंबरात कोळशाच्या खाणी बघायला गेले तेव्हा स्वतः खाली उतरले होते. पण अमेरिकेतली गोष्ट बघितली आणि एवढ्यानं भागत नाही हे दिसलं. तिथंही हाच वाद. २००८ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’ची आरोळी दिली. मग डेमोक्रॅट ओबामांनीच ३१ मार्च २०१० ला समुद्राचे नवे पट्टे खुले करायची योजना मांडली. वीस दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन ही रिग पेटली. त्या दिवशी कंपन्यांचे बडे साहेब रिगवरच होते, सुरक्षिततेबद्दल कौतुक करायला आलेले. साहेब वाचले. अकरा कामगार मेले. ८७ दिवस तेल वाहत राहिलं, आणि तेलात माखलेले पेलिकन पक्षी सगळ्या जगानं बघितले. त्या अकरांचं तोंड किती जणांनी बघितलं?

तेव्हा साहेबाच्या हजेरीपेक्षा हेल्परच्या तोंडाला वजन पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात म्हटलंय की जिवावरचा धोका समोर दिसत असताना जो कामगार काम सोडून बाजूला होतो त्याला त्याबद्दल त्रास देता येणार नाही. हे कंत्राटी पोराच्या करारपत्रात मराठीत, हिंदीत, भोजपुरीत लिहा. वादळाचा इशारा आला आणि तो ‘मला नेऊन सोडा’ म्हणाला तर त्याला नेऊन सोडायचं, त्या दिवसाचा रोज द्यायचा आणि पुढचा पासही काढायचा. तेल महाग पडेल म्हणता? पडू द्या. आजवर ते स्वस्त कशानं पडलं याचाही हिशेब मग मांडू.

नव्या मोहिमेच्या कागदांत हे कुठल्या पानावर आहे, ते कुणीतरी बोट ठेवून दाखवा. मग विहिरी किती खोदायच्या यावर बोलायला मी बसतो.