अवजारावर जप्ती नाही

कर्ज थकलं तर सावकाराने काय उचलून न्यावं आणि कशाला हात लावू नये, हा प्रश्न कोकणाला नवा नाही. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यात तो पूर्वी जमिनीच्या तुकड्यावरून, आंब्याच्या कलमांवरून, होडीवरून निघायचा. आता तो मुलांच्या शिक्षणावरून निघतो. मुलगी नर्सिंगला, मुलगा मर्चंट नेव्हीला. शैक्षणिक कर्जाला ठरावीक मर्यादेपर्यंत तारण लागत नाही, पण सहकर्जदार म्हणून आईबापांपैकी कुणाची तरी सही लागते. अभ्यासक्रम संपून वर्ष झालं की हप्ते सुरू होतात, नोकरी लागलेली असो वा नसो. पर्यटकांना खोल्या देऊन घर चालवणाऱ्या इथल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "हप्ते थकले तर तिचं रजिस्ट्रेशन काढून घेतात काय ओ?"

तसा कायदा आपल्याकडे नाही, एवढं उत्तर त्यांना पुरलं. मला पुरलं नाही. कारण असा कायदा जगात होता, तोही अमेरिकेसारख्या देशात, आणि एकाच राज्यात नव्हे. शिक्षणाचं कर्ज फेडता यावं म्हणून माणसाने कमवायचं, आणि कर्ज फिटलं नाही म्हणून त्याचा कमावण्याचा परवानाच काढून घ्यायचा, हे शहाण्या माणसांना सुचलं कसं? ते समजायला धनकोच्या हाताचा प्रवास पाहावा लागतो. तो हात आपल्याच मुलखात कुठून कुठवर मागे आला, याचा इतिहास मोठा बोलका आहे.

सुरुवातीला तो हात थेट ऋणकोच्या देहावर आणि श्रद्धेवर होता. सावकार दारात धरणं धरून बसे. स्वतः उपाशी राही आणि घरातल्यांच्या तोंडात घास जाऊ देत नसे. दारात जीव गेला तर पाप घरधन्याच्या माथी. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 508 आलं आणि दैवी कोपाचा धाक घालून काही करायला लावणं हा गुन्हा ठरला. त्या कलमाला दिलेलं उदाहरणच मुळी दारात धरणं धरण्याचं होतं. दुसरा धाक पुढच्या पिढीचा. बापाचं देणं मुलाने फेडायचं, हे धर्मकर्तव्य मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत; वारशात फुटकी कवडी मिळाली नसली तरी. 1866 च्या कायद्याने मुलाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती आणली. दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही.

मग तुरुंगाची पाळी आली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगे आसपास पसरले. या दंग्यांत लोकांचा रोख धान्याच्या कोठारांपेक्षा खतपत्रांवर, रोख्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. चौकशी आयोग बसला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद केलं. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. कोकण त्यात नव्हतं. पण विचार एकदा कायद्यात उतरला की जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही. 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो साऱ्या देशासाठी मांडला: नुसती गरिबी हा तुरुंगात टाकण्याजोगा दोष नाही, ऐपत असून बेइमानीने टाळाटाळ केलेली दिसली पाहिजे.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली एक यादी. कलम 60 मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तू आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माने स्त्रीच्या अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. पुढे कारागिरांची अवजारं. आणि ऋणको शेतकरी असेल तर त्याची औतं, पोट भरण्यापुरती गुरं आणि बियाणं. पगारातूनही सबंध रक्कम उचलता येत नाही: पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश ऋणकोकडेच राहतात. म्हणजे धनको उत्पन्नाचा वाटेकरी आहे, उत्पन्नाच्या साधनाचा मालक नाही. यात दया आहेच, पण व्यवहारही आहे. सुताराचा रंधा नेला तर सुतारही गेला आणि वसुलीही.

ती यादी लिहिली गेली तेव्हा मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही ठेवणारा कायदाही नव्हता. मुंबई मेडिकल ॲक्ट आला 1912 मध्ये. पुढच्या शतकात अवजाराचं रूप पालटलं. नर्सचं खरं अवजार म्हणजे परिचर्या परिषदेच्या नोंदवहीतलं तिचं नाव. खलाशाचं अवजार त्याचं सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीसाठी लागणारं नोंदपुस्तक. हात तोच, कौशल्य तेच. पण नोंद नसेल तर कामाला हात लावणं गुन्हा. हे नवं अवजार राज्याच्या कपाटात असतं. त्याच्या जप्तीला बेलिफ लागत नाही, पंचनामा लागत नाही. नाव खोडलं की झालं.

सनद राज्याच्या हाती असते ती दुसऱ्यांच्या रक्षणासाठी. अडाणी माणसाने शस्त्रक्रिया करू नये, लबाडाने हिशेब तपासू नये, म्हणून. तिचा वापर भलत्याच हेतूने होऊ शकतो, हे रत्नागिरीला तरी सांगायला नको. सावरकर 1924 ते 1937 या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. लंडनला बॅरिस्टरीच्या परीक्षा उत्तीर्ण होऊनही ग्रेज इन या तिथल्या बॅरिस्टरांच्या संस्थेने त्यांना बॅरिस्टर होऊ दिलं नव्हतं, आणि त्याचं कारण कायद्याचं अज्ञान नव्हतं, राजकारण होतं. याउलट 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यात फार बारीक विवेक दिसतो. नादारीतून न सुटलेल्याचं नाव नोंदवहीत राहत नाही, कारण तो दुसऱ्यांचा पैसा पाहणारा माणूस. पण नादारीतून सुटलेल्याने ती गैरवर्तनाने नव्हे, दुर्दैवाने आली असा न्यायालयाचा दाखला मिळवला, तर त्याची वाट मोकळी होते. देणं थकणं आणि लबाडी करणं या दोन गोष्टी कायदा वेगळ्या ठेवतो.

अमेरिकेने नेमक्या याच दोन गोष्टी एक केल्या. 1990 मध्ये तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याने राज्यांना सुचवलं की शैक्षणिक कर्ज बुडवणाऱ्यांना व्यवसायाचे परवाने नाकारावेत. राज्यांनी कायदे केले. न्यूयॉर्क टाइम्सने 2017 मध्ये शोध घेतला तेव्हा अशी 19 राज्यं निघाली आणि परवाना निलंबित झाल्याची किंवा धोक्यात आल्याची किमान 8,700 प्रकरणं. नर्सेस, शिक्षक, केस कापणारे असे लोक. एकट्या टेनेसीने 2012 ते 2017 दरम्यान 5,400 हून अधिक नावं परवाना मंडळांकडे पाठवली होती. 2018 मध्ये मार्को रुबिओ आणि एलिझाबेथ वॉरन या दोन विरुद्ध पक्षांच्या सेनेटरांनी मिळून याविरुद्ध विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही, पण टेक्सासने 2019 मध्ये आपली तरतूद मागे घेतली आणि इतर बऱ्याच राज्यांनीही तेच केलं.

त्या कायद्याच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. जयगडच्या किंवा मिरकरवाड्याच्या मच्छीमाराने कर्ज काढून यांत्रिक होडी घेतली आणि हप्ते थकवले, तर ती होडी ओढून नेतातच ना? ती त्याचं अवजार असली तरी तारणही आहे. मग ज्या कर्जाने सनद मिळवून दिली, त्याचं तारण सनद का नसावी? मला हा प्रश्न बराच काळ अडवत होता. फरक मालमत्तेत आहे. जप्त होडीचा लिलाव होतो, पैसा बँकेकडे जातो, होडी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने समुद्रात उतरते. जप्त सनदीचा लिलाव होत नाही. बँकेला दमडी मिळत नाही, दुसऱ्या नर्सला ती वापरता येत नाही, आणि एक रुग्णखाट मात्र परिचारिकेवाचून राहते. ज्या जप्तीत घेणाऱ्याला काहीच मिळत नाही तिचा उपयोग नुसता धाक म्हणून उरतो. आणि धाक चालतो तो ऐपत असलेल्यावर. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याच्याबाबतीत तो प्रत्यक्षात आणावा लागतो, म्हणजे सर्वांत दुबळ्यावरच. धरणं धरणाऱ्या सावकाराचं हेच गणित होतं.

महाराष्ट्राने हे दार ठोठावून पाहिलं आहे. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरांना ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. सेवा न केल्यास दंड. एमबीबीएससाठी तो दहा लाखांपर्यंत पोचला, पदव्युत्तरसाठी पन्नास लाखांपर्यंत. 2017 मध्ये वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने, 2005 ते 2012 दरम्यान सेवाही न केलेल्या आणि दंडही न भरलेल्या साडेचार हजारांहून अधिक डॉक्टरांची नोंदणी रद्द करावी, अशी भूमिका महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे मांडली. इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. हे ऋण बँकेचं नाही, लोकांचं आहे. मालगुंडच्या आरोग्य केंद्राला डॉक्टर हवा असतो. नाहीतर किनाऱ्याच्या रस्त्याने रत्नागिरी गाठावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अशी बंधपत्रं वैध ठरवली, आणि ते मला योग्य वाटतं. पण वसुलीसाठी नोंदणी खोडली तर मालगुंडला डॉक्टर मिळत नाहीच, जिथे तो आज रुग्ण तपासतोय तिथलाही जातो. रुग्णांची सेवा टाळल्याची शिक्षा म्हणून रुग्णांपासूनच डॉक्टर तोडायचा! दंड वसूल करा, उशिरा का होईना सेवा करवून घ्या. ऋण सेवेचं असेल तर फेडही सेवेचीच हवी.

आपल्याकडे बँकेच्या थकबाकीपायी सनद जात नाही, पण आडवाटा तयार होत आहेत. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कर्जफेडीचा इतिहास खराब असलेल्या उमेदवाराची स्टेट बँकेतली नेमणूक रद्द करणं योग्य ठरवलं. पैसा हाताळण्याची नोकरी म्हणून ते समजून घेता येतं. पण शिक्षणाच्या कर्जाचा खराब इतिहास बहुधा नोकरी नसल्यामुळेच तयार होतो. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र एप्रिल 2024 मध्ये सांगितलं की थकबाकीदाराला देशाबाहेर जाण्यापासून रोखायला लुकआउट सर्क्युलर मागण्याचा अधिकार सरकारी बँकांना नाही. ते प्रकरण बड्या थकबाकीदारांचं होतं. तरी जहाजावर चढण्यासाठी विमान पकडणाऱ्या रत्नागिरीच्या खलाशाला त्याचा अर्थ लगेच कळेल. त्याला विमानतळावर अडवणं आणि त्याचं सीडीसी फाडणं यात कितीसा फरक आहे?

म्हणून वाटतं, कलम 60 च्या यादीत कारागिरांच्या अवजारांशेजारी एक ओळ वाढवावी: व्यवसायाची नोंदणी, सनद, परवाना. आणि राज्यालाही, व्यवसाय परिषदांनाही ती बंधनकारक असावी. ही ओळ आज अनावश्यक वाटेल. 1990 पूर्वी अमेरिकेतल्या एखाद्या नर्सलाही ती अनावश्यकच वाटली असती. पैसे माफ करा असं मी म्हणत नाही; पगारातून किती घ्यायचं याचं प्रमाण आपल्याच कायद्याने कधीचं घालून दिलेलं आहे. हप्ते त्या प्रमाणात बसवावेत आणि पगारच नसेल तेव्हा थांबावं. नोंदवहीतून नाव खोडायचं ते रुग्णाच्या, अशिलाच्या, प्रवाशाच्या जिवाला किंवा पैशाला त्या माणसापासून धोका असेल तेव्हा. बँकेची वसुली हा त्या धोक्यांपैकी नाही.