खर्च कोणाचा, हक्क कोणाचा?

मुलगा आणि मुलगी हॉटेलात बसले तर बिल कोणी द्यायचे, हा प्रश्न वाचून काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल. मुळात ते तिथे बसलेच कसे, असे ते विचारतील. त्यांचे विचारणे रास्त आहे आणि त्यावर आपल्या घराघरांत, इज्तेमांत पुष्कळ बोलले जाते. पण नागपुरात धरमपेठेत किंवा फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी एक चक्कर मारली, तर आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही तिथे दिसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी मंगनी झाल्यावर भेटतात, कोणी त्याआधीच. त्यांनी भेटावे की नाही हा विषय मी आज बाजूला ठेवते. मला त्या टेबलावर येणाऱ्या बिलाविषयी बोलायचे आहे. कारण त्या बिलामागे जो विचार आहे, तोच पुढे संसारात येतो आणि वीस-पंचवीस वर्षे राहतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळा सोडून गेलेली मुलेमुली कॉलेजात, नोकरीत जातात आणि अधूनमधून भेटायला येतात. बोलता बोलता हा विषय निघतो. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, खर्चा मैं करता हूँ, तो उसको फोन तो उठाना चाहिए ना." एका मुलीने सांगितले की ती आपल्या वाट्याचे पैसे लगेच मोबाइलवरून पाठवून देते, कोणाचे मिंधे राहायला नको. दुसरी तिला हसली. मुलाने खर्च केला नाही तर त्याची नीयत कळणार कशी, असे तिचे म्हणणे. तिघांची मते तीन. पण तिन्ही मतांखाली समजूत एकच आहे, की पैसे देणारा काहीतरी विकत घेतो. मुलाला वाटते त्याने हक्क घेतला. पहिली मुलगी स्वतःची सुटका विकत घेते. दुसरी त्याच्या खिशावरून त्याचे मन मोजते. माझी शंका या समजुतीबद्दलच आहे. माणसामाणसांच्या नात्यात पैसे दिल्याने नेमके मिळते काय?

हा नव्या पिढीचा दोष आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मोठ्यांनी जमवलेल्या रिश्त्यांत काय चालते ते पाहा. मंगनी झाली की मुलाकडून ईदी जाते. कपड्यांचे जोड, बांगड्या, शेवया, सुका मेवा, आणि आता मोबाइलसुद्धा. मुलीकडूनही घड्याळ, अंगठी, कपडे जातात. देताना सगळे खुशीने असते. पण मंगनी तुटू द्या, दुसऱ्या दिवशी यादी निघते. लग्नाच्या भरवशावर दिलेली अंगठी परत करणे न्यायाचे असेल. पण खाल्लेल्या शेवयांचा आणि वापरलेल्या कपड्यांचा हिशेब मांडणारी घरेही आपण पाहिली आहेत. म्हणजे जिला आपण भेट म्हणत होतो, ती बयाना होती. दिलेली भेट परत घेणाऱ्याला हदीसमध्ये कोणती उपमा दिली आहे, ती वाचकांना ठाऊक असेल. ती इतकी तीव्र आहे की इथे लिहायला हात धजत नाही.

आता मेहर घ्या. निकाहात पुरुषाने स्त्रीला द्यायची ही रक्कम. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत ती खुशीने द्यायला सांगितले आहे, आणि तिथे जो 'निह्ला' शब्द आला आहे, त्याचा अर्थ कोणताही मोबदला न मागता दिलेली देणगी असा लावला जातो. ती मुलीच्या बापाची नाही, भावाची नाही, फक्त तिची आहे. म्हणजे आपल्या धर्मात नात्याची सुरुवातच अशा देण्याने होते, की ज्यात देणारा काही विकत घेत नाही. आपण त्याचे काय केले? उर्दू शिकवणारी म्हणून मला एक गोष्ट नेहमी खटकते. निकाहनाम्यात मेहर दोन प्रकारची असते. एक ताबडतोब द्यायची, दुसरी मागाहून द्यायची. दोन्हींना 'मुअज्जल' म्हणतात. लिहिताना एकात 'ऐन' आहे, दुसऱ्यात हमजा, आणि आपल्या तोंडी दोन्हींचा उच्चार एकच. काजीसाहेबांनी काय वाचले ते नवरीला ऐकून कळत नाही, आणि कागद तिच्यापुढे सहीपुरताच येतो. एका अक्षराच्या फरकाने ताबडतोबचे 'कधीतरी' होते. ते 'कधीतरी' अनेक घरांत नवऱ्याच्या जनाज्यापाशी उगवते. चार बायका रडणाऱ्या बाईला म्हणतात, "मेहर माफ कर दो." त्या क्षणी नाही म्हणणारी बाई कोण असणार?

एकीकडे आपण मेहर बुडवतो आणि दुसरीकडे खर्चाच्या जोरावर हुकूम चालवतो. त्यासाठी सूरह निसाच्या ३४व्या आयतीचा आधार घेतला जातो, ज्यात पुरुषांना स्त्रियांवर 'कव्वाम' म्हटले आहे. पण आयतीचा पहिला भाग जितका पाठ असतो, तितका पुढचा नसतो. तिथे कारण दिले आहे, की पुरुष आपल्या मालातून खर्च करतात. म्हणजे जबाबदारी आधी आहे. आणि ही जबाबदारी मेहरबानीही नाही. हजरत हिंद यांनी रसूलुल्लाहांकडे तक्रार केली, की अबू सुफियान हात आखडता घेतात, पुरेसा खर्च देत नाहीत. तेव्हा रीतीप्रमाणे स्वतःला आणि मुलांना पुरेल इतके त्यांच्या नकळतही घेण्याची परवानगी तिला मिळाली. जे नकळत घेतले तरी चोरी ठरत नाही, ते मुळात तिचेच असले पाहिजे. नफका हे देणे आहे. देणे फेडणाऱ्याने काही विकत घेतलेले नसते.

मग स्त्रीने खर्च केला तर? याचेही उदाहरण आहे आणि ते आपल्या मुलींना फारसे सांगितले जात नाही. हजरत खदीजा यांचा व्यापार सर्वांना माहीत आहे. पण अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांची पत्नी हजरत जैनब यांची हकीकत अधिक उपयोगी आहे. नवरा हलाखीत होता, तिच्याजवळ स्वतःचे होते. नवऱ्यावर आणि आपल्याकडे असलेल्या यतीम मुलांवर खर्च केला तर तो सदका होईल का, असे तिने हजरत बिलाल यांच्यामार्फत विचारले. उत्तर आले, की दुहेरी सवाब मिळेल, नाते जपल्याचा एक आणि सदक्याचा एक. ज्या खर्चाला सदका म्हटले, तो सक्तीने वसूल करता येत नाही. आणि नवऱ्याला त्यात कमीपणाही मानलेला नाही. इब्ने मसऊद यांचा दर्जा त्याने कमी झाला नाही. ते उम्मतीतल्या थोर आलिमांपैकी एक राहिले.

पुरुष कमावतो आणि बाई खाते, हे चित्र आपल्या नागपुरात तरी कधी खरे होते? उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी मोमिनपुरा आणि कामठीत हातमाग लावले. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, तरी हे माग पुढे कितीतरी वर्षे चालत राहिले. मागावर पुरुष बसत असे. सूत उकलणे आणि कांड्या भरणे हे काम घरातल्या बायका आणि मुले करीत. लुगडे विकले गेले की पैसे मागवाल्याच्या हाती येत आणि ती 'त्याची' कमाई म्हटली जाई. विड्यांचेही तसेच. कामठी, भंडारा, गोंदियाच्या बायकांनी तेंदूच्या पानांत तंबाखू भरून विड्या वळल्या आणि घरे चालवली. त्यांना कोणी कमावती म्हटले नाही. म्हणजे बाईचा पैसा घरात पूर्वीही येत होता. तिचे नाव त्यावर नव्हते, एवढेच.

आज नाव आले आहे. पगार तिच्या खात्यात जमा होतो. आणि इथून खरा पेच सुरू होतो. डी.एड., बी.एड. झालेल्या मुलीला रिश्ते भराभर येतात. पूर्वी मुलगा काय करतो हे विचारीत, आता मुलगी पर्मनंट आहे का हे विचारतात. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या मुलीला पहिली तीन वर्षे मानधन मिळते. २०२३पासून ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. ती तीन वर्षे संपेपर्यंत लग्नाची तारीख पुढे ढकलणारी सासरची माणसेही असतात. लग्नानंतर अशा अनेक मुलींचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते. घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जातो आणि घर मात्र त्याच्या नावावर असते. शाळेतून आल्यावर चूल तिची, पाहुणे तिचे, मुलांचा अभ्यासही तिचाच. तिने विचारले की उत्तर तयार असते. पैशाबाबत म्हणतात, "जमाना बदल गया, दोनों को मिलकर चलाना पड़ता है." स्वयंपाकाबाबत म्हणतात, "ये तो औरत का काम है." एका वहीत नवा जमाना आणि दुसऱ्या वहीत जुना. ज्या पानावर आपला फायदा, ते पान उघडायचे. मला हे सगळ्यात मोठे बेईमानीचे काम वाटते. पुरुषाने जुनी वही घेतली तर संपूर्ण खर्चही त्यानेच उचलावा आणि तिच्या पगाराकडे पाहू नये. नवी घेतली तर चूलही वाटून घ्यावी.

पण हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लावावा लागेल. नवरा ऑटो चालवतो किंवा दुकानात कामाला आहे, बायकोचा पगार त्याच्या तिप्पट आहे, आणि ती म्हणते, "तुमचे ते आपले, माझे ते माझे." शरीयतच्या हिशेबाने ती चूक नाही. तिला कोणी जबरदस्ती करू शकत नाही. पण महिनाअखेरीला तो उधारी मागत फिरत असेल आणि तिच्या खात्यात पैसे पडून असतील, तर त्या घरात हक्क शाबूत आहे आणि मुहब्बत उपाशी आहे. सूरह बकराच्या २३७व्या आयतीत मेहरच्याच हिशेबाची गोष्ट आहे. संबंध येण्याआधी तलाक झाला तर निम्मी मेहर द्यायची, असा चोख हिशेब सांगितला आणि लगेच पुढे आपसातला 'फज्ल' विसरू नका असे बजावले. फज्ल म्हणजे हक्कापेक्षा जास्त देणे, हक्कापेक्षा कमी घेणे. तुटणाऱ्या नात्यातही ज्याची आठवण करून दिली, ते चालणाऱ्या नात्यात किती असायला हवे! मात्र क्रम लक्षात ठेवावा. आधी हक्क ठरतो, मग फज्ल येतो. जिचा हक्कच मान्य नाही तिच्याकडून फज्लची अपेक्षा करणे म्हणजे सरळ लूट.

हक्क मान्य झाला नाही तर माणसे कोर्टात जातात. इंदूरच्या शाहबानोंचा निकाह १९३२ साली झाला होता. १९७८ साली तलाक मिळाला तेव्हा एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने मेहर म्हणून ३,००० रुपये दाखवले. पुढचे सारे आपण जाणतो. १९८५चा निकाल, १९८६चा कायदा, २००१चा दानियाल लतीफी निकाल. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या एका खटल्यात पुन्हा सांगितले, की तलाक झालेली मुस्लिम स्त्री फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते. त्या निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांनी घर सांभाळणाऱ्या स्त्रियांविषयी वेगळे लिहिले. नवऱ्याने बायकोला पैशाच्या बाबतीत विश्वासात घ्यावे, संयुक्त खाते उघडावे, एटीएम वापरू द्यावे, असे त्यांनी म्हटले. कोर्टाच्या भाषेबद्दल मते वेगवेगळी असतील. पण ही गोष्ट सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वेळ काढावा लागला, याचा विचार आपण आपल्या दस्तरखानावर करायला हरकत नाही.

काय करता येईल? मंगनीच्या वेळी दागिन्यांची आणि जेवणाच्या ताटांची चर्चा तासन्तास चालते. त्यातला अर्धा तास या प्रश्नाला द्यावा. मेहर किती आणि केव्हा, हे मुलीसमोर सोप्या भाषेत बोलावे, तारीख टाकून लिहावे. 'मुअज्जल' एवढ्यावर थांबू नये. ती नोकरी करणार असेल तर पगाराचे काय आणि घरकामाचे काय, दोन्ही एकाच बैठकीत विचारावे. तिचे खाते तिच्याच हातात राहावे. तिने घरात दिले तर तिचे आभार मानावेत, कारण ते तिचे देणे नव्हते. त्याने दिले तर त्याचीही कदर करावी. तो देणे फेडतो हे खरे, पण उन्हातान्हात राबून फेडतो.

आणि आपल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लहानपणीच एक गोष्ट शिकवावी. कोणाला चहा पाजलास तर तो चहाच पाजलास. तिच्या वेळेवर, फोनवर, कपड्यांवर, तिच्या हो-नाहीवर तुझा काही हक्क झाला नाही. मुलींना शिकवावे, की कोणाच्या पैशाने दबू नये आणि आपल्या पैशाने कोणाला दाबू नये. एवढे ज्यांना समजले, त्यांनी बिल कोणीही द्यावे. ज्यांना समजले नाही, त्यांनी निम्मे-निम्मे वाटून दिले तरी त्यातला एक जण मनातल्या मनात हिशेब लिहीतच राहील, आणि तो हिशेब कधी ना कधी वसुलीला निघेल.