एक-चौदाच्या उताऱ्याबाहेरची माणसे

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर आता विमाने उतरतात. 11 डिसेंबर 2022 रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात उड्डाणे सुरू झाली. दोन हजार एकरांहून अधिक जागा या प्रकल्पाखाली गेली. उन्हाळ्यात हा सडा पाहणाऱ्याला तिथे जांभ्या दगडाखेरीज काही दिसले नसते. पण मृगाच्या सरी कोसळल्या की त्याच दगडाच्या भेगांतून गवत वर येई, खळग्यांत पाणी साचे, आणि सड्यात मुरलेले पाणी उताराखालच्या झऱ्यांना पावसाळ्यानंतरही पुरे. बाराजण भागातील धनगर-गवळी कुटुंबांची गुरे या गवतावर पोसली जात. दूध काढायचे, लोणी-तूप करायचे, खालच्या गावांत विकायचे, हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. विमानतळासाठी त्यांना तिथून उठवून कासारवर्णे येथे वसवण्यात आले.

घर गेले, त्याबदल्यात घर मिळाले. सडा गेला, त्याच्या बदल्यात सडा कुठून आणायचा?

सगळा पेच इथेच आहे. गोव्यात जमिनीचा हक्क पाहायचा तर एक-चौदाचा उतारा काढतात. त्यात भोगवटादाराचे नाव असते, कुळाचे असते, इतर हक्कांसाठीही रकाना असतो. गुरे चारणाऱ्याचे नाव त्यातल्या कुठल्याही रकान्यात क्वचितच सापडते. भूसंपादनाची भरपाई मात्र या उताऱ्याच्या मागून चालते, त्यामुळे जमीन ज्याच्या नावावर तो पैसे घेतो आणि तिच्यावर ज्याची गुरे जगली तो पुनर्वसनाच्या प्लॉटवर येऊन दावणीला काय घालायचे याचा विचार करत बसतो. विकतच्या चाऱ्यावर म्हैस पाळणे मोठ्या डेअरीवाल्याला जमते. सड्यावरच्या फुकट गवतावर ज्याचा हिशेब उभा होता, त्याला ती विकावी लागते.

2013 च्या भूसंपादन कायद्याने या बाबतीत मोठे पाऊल उचलले. जमिनीची मालकी नसली तरी संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून होती, त्या कुळांना, मजुरांना, कारागिरांना ‘बाधित कुटुंब’ मानले. पण मोपाच्या संपादनाची सुरुवात त्याआधी, 1894 च्या कायद्याखाली झाली होती. वनहक्क कायदा तर आणखी पुढे जातो. 2006 च्या या कायद्यात चराईचा आणि भटक्या-पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे. गोव्यात त्याखाली सुमारे दहा हजार दावे दाखल झाले, पण बहुतेकांची वाट वर्षानुवर्षे लांबली. त्यात धनगरांची अडचण दुहेरी आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, धनगर बाहेर राहिले. त्यामुळे वनहक्क मागताना त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. गुरांमागे हिंडणाऱ्याने 75 वर्षांपूर्वीचा कागद, तोही पोर्तुगीज राजवटीतला, कुठे जपून ठेवला असेल? शिवाय जी पठारे वन मानली जात नाहीत, तिथे हा कायदा पोचतच नाही.

डिचोली तालुक्याची कथा वेगळ्या वाटेने त्याच जागी येते. शिरगाव, मये, मुळगाव, अडवलपाल या गावांत लोहखनिज आहे. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसून बाजूला ढीग लावावे लागतात. गोव्याचा पाऊस या ढिगांवर कोसळतो आणि बारीक लाल गाळ व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, शेतात उतरतो. तो सुकला की वर टणक कवच धरतो. रोप लावायला बोट घुसत नाही, लावलेच तर मुळाला हवा मिळत नाही. दुसरीकडे खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली जातो, पाणी पंपाने उपसून बाहेर फेकले जाते आणि आसपासच्या विहिरी आटतात. शिरगावच्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळे. विहीर आटली की वायंगणाचे, म्हणजे रब्बी भाताचे, पीक आधी जाते.

2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 मध्ये खाणींवर बंदी आली, मार्च 2018 मध्ये पुन्हा. तेव्हा राज्यभर ‘खाणबाधित’ हा शब्द गाजला. सरकारने ट्रक आणि बार्ज मालकांसाठी अर्थसाहाय्य व कर्जसवलतीच्या योजना आणल्या. त्यांचे हप्ते थकले होते, घरात चूल थंडावली होती, त्यांना मदत हवीच होती. पण ज्यांचे शेत खाण चालू असतानाच गाळाखाली गेले, ते त्याआधीपासूनचे खाणबाधित. त्यांच्या नुकसानीला बंदीची तारीख नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी आंदोलनही तसे पेटले नाही. ट्रकचे पासिंग असते, कर्जाचा खाते क्रमांक असतो. उगवले नाही त्या भाताची पावती कोण देणार?

पैसा नाही असे म्हणायला जागा नाही. खाण-खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज निधी उभा राहिला, आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय योजनेने त्यातील किमान 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. ही तरतूद नेमकी आणि उपयोगी आहे. पण रस्ता आणि सभागृह बांधणे सोपे. शेतातला गाळ उपसणे, व्हाळाचे पात्र मोकळे करणे, विहिरीत पाणी परत येईपर्यंत कुटुंबाला वर्षाकाठी पिकाएवढी रक्कम देणे, ही कामे चिकाटीची. त्यांचा शिलान्यास होत नाही.

नॉर्वेतील सामी पशुपालकांचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. फोसेन भागातील पवनचक्क्यांनी त्यांच्या रेनडियरांची हिवाळी चराई मोडली. 11 ऑक्टोबर 2021 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने बेकायदा ठरवले. तरीही 2023 मध्ये तरुण सामी कार्यकर्त्यांना मंत्रालयांसमोर ठाण मांडावे लागले. 2023-24 मध्ये तडजोड झाली, तिच्यात वार्षिक रकमेबरोबर बदली हिवाळी चराई देण्याचे सरकारने कबूल केले. पवनचक्क्या राहिल्या, हा न्याय अपुराच. तरी चाऱ्याच्या बदल्यात चारा द्यावा लागतो, हे एका सरकारने लेखी मान्य केले.

पेडणे-डिचोलीत तसे करणे अशक्य नाही. राज्याच्या ताब्यातील पडीक आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या, वापरात नसलेल्या जमिनींपैकी काही तुकडे चराईसाठी राखून, गटाच्या नावे दीर्घ मुदतीने देता येतील. सड्यांवर पुढचे प्रकल्प मंजूर करण्याआधी पावसाळ्यात, गुरे चरत असताना पाहणी करावी, भर एप्रिलमध्ये नव्हे. कोण कुठे चारतो, कोणाच्या शेतात कोणत्या व्हाळाचे पाणी येते, याची नोंद पंचायतीने गावकऱ्यांना सोबत घेऊन, शिवारात फिरून करावी.

ही नोंद आताच व्हायला हवी. डिसेंबर 2022 मध्ये खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू झाला, डिचोली, शिरगाव-मये आणि मोंत द शिरगाव हे पट्टे त्यात दिले गेले. एप्रिल 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम सुरूही झाले. मुळगावचे ग्रामस्थ घरे, देवळे, तळी आणि शेती पट्ट्यातून वगळा म्हणून मागणी करत आहेत. शेत गाळाखाली गेल्यावर कसणारा शोधत बसण्यापेक्षा आजच त्याचे नाव लिहून घेतले, तर खनिज निधीचा पहिला हप्ता कोणाच्या दारी जायला हवा ते सांगायला एक-चौदाचा उतारा लागणार नाही.